मुलीला इंग्लिशमधला तो वरचा कॉमा नक्की कुठे टाकायचा हे कसं शिकवायचं?

चौथीची_आई, लालबाग

नमस्कार मंडळी, एक शंका आहे, हसू नका. मुलगी चौथीत आहे, शाळा मराठी पण सेमी, म्हणजे गणित इंग्लिशमधून. बाकी इंग्लिश बरं चाललंय, वाचते, कार्टून बघून बडबडते सुद्धा. घोडं अडतंय ते शॉर्ट फॉर्मपाशी. डू नॉट चं डोन्ट, डिड नॉट चं डिडन्ट, झोपेतून उठवून विचारा, बरोबर सांगते. लिहायला बसली की मात्र तो अपॉस्ट्रॉफी भलतीकडेच जातो. डिडन्ट लिहिताना डी-आय-डी झालं की लगेच टाकते आणि मग एन-टी. इजन्ट, वॉजन्ट, सगळीकडे तेच. आणि वर कडी म्हणजे आता तिला ही खूण इतकी आवडायला लागलीय की शेवटी एस दिसला की टाकलीच. बुक्स, मँगोज, पेन्सिल्स, कोणाला सोडत नाही.

वहीत बाईंचे लाल गोल आहेत पण बाजूला काही लिहिलेलं नाही, मुलीला विचारलं तर म्हणते बाई म्हणाल्या पाठ करा. वर्गात एवढी पोरं, त्या तरी एकेकीला किती समजावणार. माझ्या वेळी इंग्लिश पाचवीपासून होतं, आणि नियम म्हणून कोणी काही सांगितलेलं मला आठवत नाही, मी सवयीने टाकते, बरोबर पडतं, पण का पडतं ते तिला सांगता येत नाही.

पाठ करण्याशिवाय काही रस्ता आहे का? नवरा म्हणतो येईल आपोआप, तू आधी पाढे घे तिचे.

मुलुंडच्या_बाई

हसण्यासारखं काही नाही हो यात. मी घरी शिकवण्या घेते, पहिली ते सातवी, दर वर्षी नवीन पोरं आणि चूक हीच, डी-आय-डी-’-एन-टी. पोरांना वाटतं दोन शब्द जोडले की जोडावर खूण करायची. डिड संपला, नॉट सुरू झाला, मधे कॉमा. आणि त्यांचं चुकतं असं तरी कसं म्हणू, आपण सांगतोच तसं ना, "दोन शब्द जोडून शॉर्ट फॉर्म". जोडाचा आणि त्या खुणेचा काही संबंध नाही. अक्षर जिथून उठलं तिथे ती बसते. मी पोरांना सांगते, लोकलमध्ये एखादा सीटवरून उठला आणि जागा राहावी म्हणून रुमाल ठेवून गेला, तर रुमाल कुठे असेल? त्याच्याच सीटवर ना, शेजारच्याच्या मांडीवर नाही. नॉट मधला ओ उठून गेलाय, म्हणून रुमाल एन आणि टी च्या मधे.

आता हे नुसतं सांगून भागत नाही, हाताने करायला लावा. गणिताची चौकटींची वही घ्या. एका चौकटीत एक अक्षर, पेन्सिलने, मधे जागा न सोडता डी-आय-डी-एन-ओ-टी. मग तिलाच खोडरबर द्या आणि ओ खोडायला सांगा. जी चौकट रिकामी झाली तिच्यात वरच्या कोपऱ्यात खूण. मग आय अ‍ॅम घ्या, ए खोडला. मग आय विल घ्या, इथे डब्ल्यू आणि आय दोन अक्षरं जातात पण खूण एकच, हे पोरांना मुद्दाम दाखवावं लागतं नाहीतर ती दोन टाकतात. आय वुड मध्ये तर चार अक्षरं जातात आणि नुसता डी उरतो, तिथे पोरं खूश होतात. कॅनॉट हा मुळातच एक शब्द म्हणून लिहितात, दोन एन असलेला, त्यातला एक एन आणि ओ खोडायचा.

वोन्ट मात्र या वहीत बसत नाही. विल मधून वो कुठून आला हे पोरगी विचारणार, हुशार असेल तर नक्की विचारणार. पूर्वी विल ला वोल असं पण एक रूप होतं, ते वोल गेलं आणि वोन्ट मागे राहिला, एवढं सांगून पुढे जा. असे आडमुठे दोनच, वोन्ट आणि शान्ट म्हणजे शॅल नॉट, आणि शान्ट आता फारसा कोणी लिहीत नाही.

अजून एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तुमची मुलगी कर्सिव्ह लिहिते का? चार रेघी वहीत जोडून? मग ती पेन न उचलता अख्खा शब्द ओढते आणि नंतर मागे येऊन आयवर टिंब, टी ची आडवी रेघ आणि हा कॉमा, असं तिन्ही एकदम उरकते. तोपर्यंत एन आणि टी मधे जागाच उरलेली नसते, मग जिथे फट दिसेल तिथे टाकते. तिला सांगायचं, एन झाला की पेन उचल, वरच्या रेघेला लटकव, मग टी. नियम येत असून वहीत चुकणारी कितीतरी पोरं नुसती एवढ्याने सुधारतात.

गोरेगावचा_गण्या

माझं मत वेगळं आहे, मारू नका. पोरगी बोलते, वाचते, अजून काय पाहिजे चौथीत? मी आयटीत आहे, रोज गोऱ्यांच्या मेल येतात, त्यांच्यातले बरेच जण हा कॉमा गाळतात नाहीतर भलतीकडे टाकतात आणि कोणाची नोकरी गेलेली मी पाहिली नाही. फोन आपला आपण टाकतो. बर्नार्ड शॉ, ज्याला १९२५ चं नोबेल मिळालं, तो स्वतःच्या नाटकांत डोन्ट, कान्ट, वोन्ट बिनाकॉम्याचे छापून घ्यायचा, मुद्दाम. अमेरिकेत सरकारी नकाशांवर गावाच्या, डोंगराच्या नावात अपॉस्ट्रॉफी शक्यतो ठेवतच नाहीत, १८९० साली त्यांचं नावं ठरवणारं मंडळ झालं तेव्हापासूनचं धोरण आहे. वॉटरस्टोन्स म्हणून इंग्लंडमधली पुस्तकांच्या दुकानांची मोठी साखळी आहे, पुस्तकं विकणारे लोक म्हणजे बघा, त्यांनी २०१२ मध्ये पाटीवरून काढून टाकला.

आणि आपल्याकडे काय झालं? आजोबांच्या पत्रात नांव, कांहीं, घरांत, असे ढीगभर अनुस्वार असायचे. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि ते उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. कोणाचं अडलं? उगाच पोरांच्या डोक्याला ताप.

गिरगाव_प्रूफवाला

गणपतराव, शॉ चं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या ना. डोन्ट मधून त्याने खूण काढली कारण डी-ओ-एन-टी असं लिहिलं तरी दुसरा कुठला शब्द होत नाही. पण आय’ल आणि ही’ल मध्ये त्याने ती ठेवली. का, तर आय’ल मधून काढली की आजारी होतो आणि ही’ल मधून काढली की थेट नरक. माणूस हट्टी होता पण वेडा नव्हता. वी’ल चं वेल होतं, शी’ल चा शिंपला होतो, वी’र (वी आर) चं वर होतं, म्हणजे वॉज-वर मधला भूतकाळातला वर. जिथे अर्थ बदलतो तिथे खूण हवीच.

अनुस्वाराचंही तेच आहे. नांव मधला गेला, बरोबर गेला. पण मुलाचा डबा आणि मुलांचा डबा, यातला काढून दाखवा बरं. तो १९६२ मध्ये कोणी काढला नाही आणि काढणार पण नाही.

आणि फोन टाकतो म्हणता, तर तो भलतंच पण टाकतो. आमच्याकडे छापायला येणारा इंग्लिश मजकूर हल्ली फोनवरच टाइप केलेला असतो, त्यात मालकीचा इट्स असतो तिथे फोनने कॉमा घुसवलेला, आणि माणसाने वाचून न बघता पाठवलेलं. लग्नपत्रिकेत निस्तरायला आम्ही.

ताई, तुम्हाला एक सांगतो, मुलीला रामरक्षा येते का? आमच्या चाळीत पोरांना यायची म्हणून विचारतो. "रामस्य दासोऽस्म्यहम्", त्यात दासो नंतर जो ऽ छापलेला असतो ना, तो अवग्रह. दासः अस्मि, पुढच्या अस्मि चा अ गेला, त्याच्या जागी ती खूण. अक्षर गेल्याची पावती. इंग्लिशवाल्यांनी त्यांची खूण सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून उचलली, नाव ग्रीक, पण काम या ऽ चंच. पुस्तक उघडून बोट ठेवून दाखवा, पोरांना आपल्या ओळखीचं काही निघालं की बरं वाटतं.

मुलुंडच्या_बाई

प्रूफवाले दादा, अवग्रहाचं आवडलं पण जरा जपून, कारण पोरांनी तो ऽ मासिकातल्या चित्रकथेत बघितलेला असतो, "अगंऽऽ", "वाचवाऽऽऽ" असा, म्हणजे त्यांच्यासाठी तो अक्षर लांबवायची खूण आहे, गाळायची नाही. माझ्याकडे एक मुलगा डोन्ट वाचताना "डोनऽऽट" असं ओढून वाचायचा, आणि का ते मला पुष्कळ उशिरा कळलं 😄. आधी दोन्ही ऽ वेगळे आहेत हे सांगा, मग दाखवा.

मला त्यापेक्षा करतोय-येतेय जास्त उपयोगी पडतं. करतो आहे चं करतोय, आला आहे चं आलाय, केलं आहे चं केलंय. म्हणजे शॉर्ट फॉर्म पोरांना नवीन नाहीतच, दिवसभर तेच बोलतात. फक्त आपण खूण न करता नवीन शब्दच बनवून टाकतो, म्हणून खूण कुठे करायची याची सवय मराठी पोराला असणारच कशी. हे एकदा पालकांना कळलं की ओरडणं कमी होतं.

चौथीची_आई, लालबाग

बाई, चौकटींची वही रविवारी केली. नवऱ्याला पण बसवलं, पाढेवाल्याला. खोडरबराने काम झालं हो! स्वतः खोडते आणि "हा उठला" म्हणते. कर्सिव्हचं तर अगदी बरोबर पकडलंत, ती शेवटीच मागे येऊन टाकत होती, मी इतके दिवस वही बघतेय पण लिहिताना हाताकडे कधी बघितलंच नव्हतं.

आता राहिलं ते एस चं. रामचा पेन म्हणताना अपॉस्ट्रॉफी एस, आणि पेन्स म्हणताना नुसता एस. हे कसं वेगळं करू? आणि ते इट्स. त्यात मीच गोंधळते, मालकीचा आहे तर तिथे कॉमा का नाही?

बोरिवलीचा_बाबा

माझा मुलगा तिसरीत आहे, आम्ही खाऊच्या पाकिटांवर खेळतो. लेज, केलॉग्ज, हल्दीराम्स, डॉमिनोज, मॅकडोनल्ड्स, सगळ्यांच्या नावात ती खूण आहे, कारण नाव माणसाचं किंवा माणसासारखं आणि वस्तू त्याची. मग त्याला विचारायचं, स्टारबक्सच्या पाटीवर का नाही? शोध. सेंट झेवियर्स कॉलेजच्या नावात आहे. मरीन ड्राइव्हला क्वीन्स नेकलेस म्हणतात त्यात पाहिजे, एकाच राणीचा हार. हार्बरला किंग्ज सर्कल स्टेशन आलं की तो खिडकीतून पाट्या बघत बसतो, कुठल्या पाटीवर टाकलाय आणि कुठल्या पाटीवर खाल्लाय. आणि मग रस्त्यावरच्या गाड्या. मोमोज, रोल्स, फ्रँकीज, सँडविचेस, एस दिसला की कॉमा. चिरंजीव आता गाडीवाल्याला सांगायला निघाले होते की काका तुमच्या मोमोचं काय आहे ते तरी लिहा पुढे. हात धरून आणलं. पण डोक्यात पक्कं बसलं, की एकापेक्षा जास्त असल्या म्हणून कॉमा येत नाही, कोणाचं तरी काहीतरी असावं लागतं.

मुलुंडच्या_बाई

बोरिवलीच्या बाबांचा खेळ मी उचलणार. ताई, तुमच्यासाठी एवढंच, की शॉर्ट फॉर्म आणि मालकी एकाच आठवड्यात घेऊ नका, शाळेच्या पुस्तकात शेजारी असले तरी. चौकटींची वही मालकीला चालत नाही, तिथे काही खोडायला सापडत नाही आणि सगळं विस्कटतं. शॉर्ट फॉर्म मुरू द्यात, मग.

मालकीला मी मराठी वाक्यावरून जाते. चा-ची-चे येतंय का बघ. पेन पडले, इथे चा नाही, म्हणजे नुसता एस. रामचा पेन, चा आला. मग मालक कोण ते आधी पूर्ण लिहायचं, मालकाला हात लावायचा नाही, त्याच्या मागे खूण आणि एस. मुलाचा डबा असेल तर मालक बॉय, त्याच्या मागे खूण-एस. मुलांचे डबे असतील तर मालक बॉईज, तो पूर्ण लिहिला, शेवटी एस आहेच, मग नुसती खूण ठेवून सोडायचं. चिल्ड्रेन आधीच अनेकवचन आहे पण शेवटी एस नाही, म्हणून तिथे खूण आणि एस दोन्ही. बोलताना बॉईज तिन्ही अर्थांनी सारखाच ऐकू येतो, म्हणून हे कानावरून कधीच जमत नाही, लिहूनच करावं लागतं. मघाशी प्रूफवाल्यांनी मुलाचा-मुलांचा म्हटलं तेच इथे चपखल बसतं, आपला अनुस्वार जे काम करतो ते इथे त्या खुणेची जागा करते.

गिरगाव_प्रूफवाला

इट्स बद्दल मी सांगतो, ते आमचं रोजचं आहे. हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, यांच्यात कुठे कॉमा आहे? नाही ना. इट्स त्याच घरातला. माझा-तुझा-त्याचा वाले शब्द मुळातच मालकीचे, त्यांना वेगळी खूण लागत नाही. कॉमा दिसला की ते इट इज किंवा इट हॅज. वाक्य मोठ्याने इट इज किंवा इट हॅज म्हणून वाचायचं, बसलं तर कॉमा, नाही बसलं तर नाही. "द डॉग वॅग्ड इट इज टेल", नाही बसत, काढा. युअर आणि यू आर, हूज आणि हू इज, देअर आणि दे आर, सगळ्यांना हीच परीक्षा. मी अजून करतो, मनातल्या मनात ओठ हलवून.

आणि तुम्हाला गोंधळ होतो त्यात नवल नाही, कारण सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रज स्वतःच मालकीचा इट्स कॉमा टाकून छापत होते, पुढे मोडला. मुळात मालकीची खूण पण अक्षर गेल्याचीच आहे बरं का, जुन्या इंग्लिशमध्ये मालकीला ई-एस लागायचा, त्यातला ई पुढे उच्चारातून गेला आणि त्याच्या जागी ही आली. पण हे चौथीला सांगू नका, तुमच्यासाठी सांगितलं. जुन्या पुस्तकांत शान्ट ला दोन-दोन खुणा असायच्या, एक एल-एल गेल्याची, एक ओ गेल्याची, हिशोब चोख. मग लोकांना कंटाळा आला आणि एक ठेवली.

गोरेगावचा_गण्या

प्रूफवाले, ठीक आहे, आय’ल वर मी गप्प. पण चौथीला बॉईज च्या मागे खूण की पुढे, हे अजून पण मला जास्तच वाटतं.

चौथीची_आई, लालबाग

गण्या भाऊ, जास्त वाटतं पण पेपरात येतं ना, काय करणार.

अजून एक, मग थांबते. काल तिने लिहिलं, "आर यू रेडी? येस, आय’म." कॉमा अगदी जागेवर! पण वाचायला काहीतरी खटकतंय आणि तिला सांगता येत नाहीये की का. ती म्हणते ए खोडला, खूण केली, मग चूक काय. आणि तिच्या कार्टूनमध्ये एक जण सारखं ऐन्ट-ऐन्ट म्हणतो, त्यात कुठलं अक्षर खोडायचं विचारतेय.

मुलुंडच्या_बाई

वा, म्हणजे जागा पक्की झाली. आय’म वाक्याच्या शेवटी चालत नाही कारण तिथे जोर अ‍ॅम वरच असतो, आणि ज्याच्यावर जोर द्यायचा तोच शब्द चिरडून कसा चालेल. तिला मराठीत विचारा, "तयार आहेस का?" "हो, आहे." इथे आहे चा नुसता य करून "हो, य" म्हणेल का? तयारे म्हणेल, करतेय म्हणेल, पण एकटा य नाही. तसंच हे. मात्र "नो, आय’म नॉट" चालतं कारण पुढे नॉट आहे, आणि "नो, आय डोन्ट", "नो, ही इजन्ट" पण चालतं, नॉट वाले शेवटी येऊ शकतात. नुसते अ‍ॅम, इज, आर, हॅव, विल वाले शेवटी पूर्ण लिहायचे.

आणि प्रिन्सिपॉलना अर्ज किंवा औपचारिक पत्र लिहायला शिकवाल तेव्हा शॉर्ट फॉर्म टाळायचे, तिथे आय अ‍ॅम, डू नॉट पूर्ण. अर्जात आपण "मी येत नाहीये" लिहीत नाही तसं.

ऐन्ट खरा शब्द आहे, बोलीतला, जुना. तो एकटाच अ‍ॅम नॉट, इज नॉट, आर नॉट, हॅज नॉट, हॅव नॉट सगळ्यांच्या जागी घुसतो, म्हणून चौकटीत घालून खोडायला गेलात तर हिशोब लागत नाही. कार्टूनमध्ये ऐकायचा, वहीत लिहायचा नाही. गंमत म्हणजे अ‍ॅम नॉट ला शाळेत चालेल असा स्वतःचा शॉर्ट फॉर्मच नाही, प्रश्न विचारताना लोक "आरन्ट आय" म्हणतात, आय ला आर, आणि ते बरोबर धरतात. पण हे तिला एवढ्यात सांगू नका, नाहीतर सगळीकडे आय आर लिहून येईल आणि परत लाल गोल.